जवळची खूण

पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा फॉर्म
मी सोप्यावर बसून भरते, तो उभ्यानं सांगतो.
नाव : रिगझिन तुंडुप.
आडनाव? म्हणतो, आमच्यात घराचं नाव असतं, ते लिहा.
तीनदा ऐकूनही मला ते लिहिता येत नाही.
धंदा : खडे, शाली, पितळी घंटा.
कायमचा पत्ता : झंस्कार.
पिनकोड सांगतो आणि वर हेही,
की हिवाळ्यात टपाल महिनोन्‌महिने पोचत नाही.

मग येतो तो रकाना
जो आगोंदला सगळे 'चर्चच्या मागे' लिहून उरकतात.
जवळची खूण.

इथं तो खाली बसतो.
गोम्पा, म्हणतो. किती उंच?
हात माडाच्या शेंड्याकडे नेतो,
तिथून आणखी वर, आणि मग हात सोडूनच देतो.
कड्याला चिकटलेल्या पांढऱ्या खोल्या, खोलीवर खोली.
खोडालाच लगडतात तसे फणस? मी विचारते.
माझ्या परसातला त्यानं दोन हंगाम पाहिलाय.
हो, फणसच. पण आत दिवे. लोण्याचे.

लोणी जाळता?
माझी सासू असती तर उठून आत गेली असती.

तो सांगत राहतो, चहावर साय धरते.
नदी गोठते, तीच त्यांची वाट.
आठवीत असताना बापामागून तिच्यावरून चालत शाळेला गेला,
रात्री गुहेत, दिवसा बर्फावर,
बाप पुढं काठीनं ठोकून ऐकायचा
खाली भरीव आहे की पोकळ.
पिकला का बघताना मी फणस असाच ठोकते,
पण हे त्याला सांगत नाही.
माझ्या ठोकण्यात कुणी बुडत नाही.

उत्सवात लामा मुखवटे घालून नाचतात,
पोरं रडतात, म्हाताऱ्या पोरांना आणखी पुढं ढकलतात.
मीही मग सांगते :
श्रीस्थळला वर्षाआड तीन माणसांच्या डोक्यांची चूल करतात,
वर मडकं, मडक्यात भात.
मुंबईची गिऱ्हाइकं हे ऐकून फोन काढतात.
तो इतकंच विचारतो,
भात मग कोणाला वाटतात?

सोमवारी दुकान बंद. माझ्या स्कूटरवर रिवणला गेलो.
लोक पांडवांची गुहा म्हणतात,
कुणी म्हणतं, भिक्षू राहायचे.
चिऱ्याचा डोंगर, तोंड इतकं बुटकं
की दोघंही कमरेत वाकून आत.
काळोख, वटवाघळांचा वास, कुठंतरी पाणी.
त्यानं भिंतीला कपाळ टेकवलं.
बाहेर आल्यावर कपाळावर तांबडी माती,
मी पुसायला सांगितलं नाही.
परतताना केप्याला भजी खाल्ली,
तेव्हा म्हणाला, आमच्या स्वयंपाकघराचं छतही असंच.
हिवाळाभर सगळे तिथंच, जनावरं खालच्या खोलीत.
आई एकटीच आहे आता.
माझा नवरा अकरा वर्षं तारवावर आहे.
मी आणखी एक प्लेट मागवली.

रकान्यात शेवटी मी 'गोम्पा' एवढंच लिहिलं.
हवालदारानं विचारलं, हे काय, हॉटेल?
मी म्हटलं, हो, मोठं.

मे संपता संपता त्यानं शटरला ताडपत्री बांधली.
आमच्या होड्या वर ओढल्या होत्या,
समुद्र बंद व्हायला आला, त्याची खिंड उघडली.
जाताना माझा पत्ता मागितला, कागदावर उतरवून घेतला,
मधेच एकदा परसाकडे मान वळवून पाहिलं.

ऑगस्टमध्ये पार्सल आलं, फडक्यात शिवलेलं,
आत सुकी जर्दाळू, बिया वेगळ्या पुरचुंडीत.
पोस्टमन भिजलेला, कुरकुरत होता :
बाई, जवळची खूण म्हणून 'फणस' लिहिलंय.
फणस काय, घरोघरी आहे.

तरी आला होता बरोबर.